घसारा

आमच्या घरात लिंबू हातातून निसटलं तर ते कुठे जाऊन थांबणार, याबद्दल कुणाचंही दुमत नसे. मागच्या खोलीत ते कुठेही पडो. आधी क्षणभर विचार करी, मग नैर्ऋत्येकडे वळे, कपाटाला वळसा घाली आणि आईच्या पलंगाखालच्या कोपऱ्यात जाऊन विसावे. लिंबाप्रमाणेच शर्टाची बटणं, रक्तदाबाच्या गोळ्या आणि कन्येच्या पेन्सिलीही त्याच कोपऱ्यात जमत. महिन्यातून एकदा सौ. तिथे केरसुणी घाली आणि निघालेल्या मालाची यादी मोठ्याने वाचून दाखवी. बँकेच्या भाषेत सांगायचं तर तो कोपरा हे आमच्या घराचं सस्पेन्स खातं होतं. कुठलीही नोंद जुळेनाशी झाली, की ती तिथे सापडायची.

हे घर वडिलांनी १९८५ साली निगडीला, प्राधिकरणात बांधलं. हे प्राधिकरण १९७२ साली स्थापन झालं आणि २०२१ साली कागदोपत्री विसर्जित झालं; पण रिक्षावाल्याला अजूनही 'प्राधिकरण' म्हटल्याशिवाय आमचं घर सापडत नाही. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. फिटर माणूस घर बांधतो तेव्हा भिंती काटकोनात येतात, दारं कुरकुरत नाहीत, आणि पैसे मात्र जमिनीपर्यंत पोचत नाहीत. त्या काळी ऐपत असणारे मोझॅकच्या टाइल्स घालत, बेताची ऐपत असणारे शहाबादी घालत, आणि बाकीचे कोबा करत. आम्ही बाकीच्यांत होतो.

ज्यांचा जन्मच फ्लॅटमध्ये झाला त्यांच्यासाठी सांगतो. कोबा म्हणजे सिमेंट, वाळू आणि बारीक खडी यांचा थर जमिनीवर ओतायचा, फळीने सारखा करायचा आणि ओला आहे तोवर थापीने घोटून घोटून गुळगुळीत करायचा. लाल हवा असेल तर वर लाल ऑक्साइडची पूड. याला इंग्रजीत 'इंडियन पेटंट स्टोन' असं भारदस्त नाव आहे. वडिलांना ते ठाऊक असतं, तर 'टाइल्सचे पैसे संपले हो' असं पाहुण्यांना सांगण्याऐवजी 'मुद्दाम पेटंट स्टोन घेतला' असं त्यांनी सांगितलं असतं आणि पाहुणे बूट काढून आत आले असते.

कोब्याला घसारा लागतो. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे हा शब्द मला अकरावीपासून छळतो आहे. मालमत्ता वापरात आली की दरवर्षी तिची किंमत थोडी थोडी कमी होते, तो घसारा. पुस्तपालनाचा अभ्यास मी मोठ्याने करीत असे. "घसारा म्हणजे काय?" असा प्रश्न मी वाचला, की स्वयंपाकघरातून आई ओरडे, "कोण घसरलं रे?" वडील म्हणत, "कुणी नाही, त्याचं पुस्तक घसरलंय."

तर तीसेक वर्षांत आमच्या कोब्याला दोन मोठ्या भेगा पडल्या. पिंपरी-चिंचवडला पवना आणि इंद्रायणी या नद्या आहेत. आमच्याही घराला झाल्या. पवना आईच्या पलंगापासून न्हाणीघराच्या दारापर्यंत वाहे. इंद्रायणी देव्हाऱ्याखाली उगम पावून मधल्या खोलीतून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला मिळे. ही नावं वडिलांनीच ठेवली होती. 'इंद्रायणीच्या अलीकडे चपला काढा' अशी सूचना आमच्याकडे सर्रास दिली जाई आणि नवीन पाहुणा घाबरून दाराबाहेरच थांबे.

२०११ साली वडील गेले. नद्या वाहत राहिल्या.

गेल्या डिसेंबरात मात्र इंद्रायणीने घात केला. तिचा एक काठ हळूहळू अर्धा बोटभर वर आला होता. सकाळी सहाला आई चहाचा कप घेऊन देव्हाऱ्याकडे निघाली आणि तिचा अंगठा त्या काठाला अडखळला. ती पडली नाही. कप पडला. पण कप पडल्याचा आवाज आणि त्यानंतरची ती दोन सेकंदांची शांतता, हे आम्ही सर्वांनी अंथरुणातून ऐकलं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिला साखर आहे. डॉक्टरांनी तिला अनवाणी चालू नका, पाय गार पडू देऊ नका असं दहादा सांगितलेलं, आणि ती गेली चाळीस वर्षं घरात अनवाणी चालते.

"फरशी बदलायची," मी जाहीर केलं.

"काही नको," आई म्हणाली. "चांगली आहे."

"अहो आई, किती गार पडते ती," सौ. म्हणाली.

यावर कन्येने शास्त्र सांगितलं. ती नववीत आहे, त्यामुळे तिच्यापाशी प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं. फरशी थंड नसतेच, ती म्हणाली. खोलीतलं दार आणि फरशी यांचं तापमान एकच असतं. फरशी आपल्या पायातली उष्णता लाकडापेक्षा भराभर ओढून घेते, म्हणून आपल्याला ती थंड वाटते.

"म्हणजे माझी ऊब ती खाते," आई म्हणाली.

"हो."

"मग खाऊ दे. इतकी वर्षं तिच्यावर चालले, तिचा एवढा हक्क आहे."

डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटे पारा नऊ-दहावर येतो. पुण्याचा नीचांक १९३५ सालच्या जानेवारीतला, १.७ अंश. हे आकडे मी टोरंटोला राहणाऱ्या माझ्या मावसभावाला फोनवर सांगितले तेव्हा तो इतका हसला की फोन बंद पडला असं मला वाटलं. त्याच्याकडे त्या दिवशी उणे अठरा होतं. योगायोग असा, की त्यानेही नुकतंच घरात काँक्रीट घालून घेतलं होतं, तळघराला. तिकडे थंडीत जमीन वरून खाली गोठत जाते, आणि गोठलेली जमीन फुगते. म्हणून पाया चार-चार फूट खाली, गोठण लागत नाही तिथपर्यंत न्यायचा. मग खडी, त्यावर फोमचे जाड तक्ते, त्यावर प्लास्टिक, त्यावर लोखंडी जाळी, आणि जाळीला बांधून नागमोडी फिरवलेल्या नळ्या. त्यांतून कोमट पाणी फिरवायचं म्हणजे फरशी उबदार. ओतण्याचं काम नोव्हेंबरात निघालं, तर माल गरम पाण्यात कालवायचा, वर पांघरुणं घालायची आणि भोवती तंबू ठोकून आत हीटर लावायचा. कारण काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाण्याची रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं, आणि ती क्रिया पाच अंशांच्या खाली गेलं की जवळजवळ झोपी जाते. बळ यायच्या आत त्यातलं पाणी गोठलं, तर ते काँक्रीट जन्माचं अधू.

मी हे सगळं आईला समजावून सांगितलं.

"तिकडे फरशीला स्वेटर घालतात म्हणायचं," ती म्हणाली. "आणि जमिनीखाली चूल. कोण फुंकतं?"

चूल ही कल्पना तिला वाटली तितकी विनोदी नव्हती. आमचे शेजारी चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. आडनाव वेगळंच आहे, पण आयुष्यातला बराच काळ ते चाकणच्या तळेगाव चौकातल्या वाहनकोंडीत बसून काढत असल्यामुळे आम्ही त्यांना चाकणकर म्हणतो. त्यांनी सांगितलं, की कोरियात पूर्वापार असंच करतात. स्वयंपाकघरातल्या चुलीचा धूर जमिनीखालच्या बोळांतून फिरवून मग बाहेर सोडायचा, वरची दगडी जमीन तापते, आणि माणसं पलंग सोडून जमिनीवरच झोपतात. त्याला म्हणतात ओंडोल. आमच्या पट्ट्यात कोरियन कंपन्या आल्यापासून चाकणकरांच्या ज्ञानात अशी भर पडत असते.

पण चाकणकरांचा खरा विषय कोरिया नव्हता. त्यांचा विषय होता ट्रिमिक्स.

"साहेब, टाइल-बिइल विसरा. ट्रिमिक्स करून टाका."

चाकणच्या कारखान्यांची जमीन ट्रिमिक्सने करतात. काँक्रीट ओतायचं, त्यावर थरथरणारी लांब पट्टी ओढायची, मग वर चटया अंथरून पंपाने जादा पाणी शोषून घ्यायचं, आणि शेवटी पंख्यासारखी पाती फिरणारं यंत्र चालवून गुळगुळीत करायचं. जमीन अशी होते की फोर्कलिफ्ट कितीही वेळा गेली तरी बात नाही.

"पण आमच्याकडे फोर्कलिफ्ट नाही," मी म्हणालो.

"दिवाळीत कपाट सरकवता ना?"

माझी मागची खोली दहा बाय बारा. त्यांचं यंत्र आत गेलं असतं, तर वळायला बाहेर यावं लागलं असतं. मात्र त्याच बैठकीत चाकणकर एक वाक्य बोलले, ते मी विसरलो नाही. ते गुडघ्यावर बसून इंद्रायणीच्या काठावरून बोट फिरवत होते. म्हणाले, "काँक्रीट आकसतं, साहेब. ते तडकणारच. कुठे तडकायचं ते आपण आधी ठरवून द्यायचं. आम्ही ठराविक अंतरावर खाचा कापतो. मग तडा गेला तर निमूटपणे त्या खाचेतून जातो. तुमच्या वडिलांनी खाच ठेवली नाही, म्हणून हिने स्वतःची वाट काढली."

काठ वर का आला, तेही त्यांनी सांगितलं. खाली काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरचा कोबा दरवर्षी थोडा वर, थोडा खाली. तेव्हा टोरंटोत जमीन थंडीने फुगते आणि निगडीत पावसाने, एवढाच काय तो फरक. मला उगाच मावसभावाशी बरोबरी झाल्यासारखं वाटलं.

आईची समजूत पटावी म्हणून रविवारी आम्ही तिला टाइल्सच्या दुकानात नेलं. फरशीचं दुकान म्हणजे भूगोलाचा तास. शहाबाद कर्नाटकात, तांदूर तेलंगणात, कडप्पा आंध्रात, कोटा राजस्थानात, आणि चकचकीत टाइल्स येतात गुजरातेतल्या मोरबीहून. ज्याच्या घरी चार तऱ्हेच्या फरश्या आहेत, त्याचं भारतभ्रमण पायीच झालं म्हणायचं. दुकानदाराने सौ.ला एका टाइलमध्ये स्वतःचा चेहरा दाखवला. सौ. खूश झाली. मी किमतीचा कागद पाहिला, त्यात मलाही माझा चेहरा दिसला.

आईने मात्र चपला काढल्या. जमिनीवर नमुने मांडले होते, त्यावर ती एकेक पाऊल टाकत चालू लागली. डोळे समोर, मान ताठ, आणि पाय टाइलवरून असा फिरवीत, जसा बाजारात आपण कापडाचा पोत बोटांनी पाहतो.

"ही घसरते," ती म्हणाली. पुढे गेली. "ही पण घसरते. ही खरखरीत आहे, पण सगळी सारखीच आहे."

"आजी, सारखी असणारच की," दुकानदार म्हणाला. "कंपनीचा माल आहे. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक रेघ सापडणार नाही तुम्हाला."

"तेच," आई म्हणाली आणि चपला शोधू लागली. चपला तिच्या समोर हातभर अंतरावर होत्या. ती पायाने चाचपत होती. मी त्या पुढे सरकवल्या आणि त्यावर काही विचार केला नाही. मी बँकेत काउंटरवर बसतो. दिवसाला दीडशे माणसांच्या सह्या ताडून पाहतो. जरा वेगळी रेघ दिसली की माझी नजर थांबते, असा माझा लौकिक आहे.

पुढचा गुरुवार. गुरुवार हा आमच्या औद्योगिक पट्ट्याचा सुट्टीचा वार, आणि वीजवाले दुरुस्तीची कामं त्या दिवशी काढतात. त्या दिवशी दुरुस्ती लांबली आणि रात्री आठलाही वीज आली नव्हती. मोबाइलच्या बॅटऱ्या मेलेल्या. मी मधल्या खोलीत काडेपेटी शोधायला उठलो आणि पहिल्याच पावलाला खुर्चीवर, दुसऱ्याला कन्येवर आपटलो. तेवढ्यात माझ्या शेजारून कुणीतरी सरळ, भराभर चालत गेलं. कशाला धक्का नाही, भिंतीला हात नाही. देव्हाऱ्यापाशी काडी ओढल्याचा आवाज आला आणि समई पेटली. आई होती.

"तुला दिसलं कसं?" मी विचारलं.

"दिसायला कशाला लागतं? इंद्रायणीच्या काठाकाठानं आले."

समईच्या उजेडात ती माझ्याकडे पाहत होती. पण नेमकी माझ्याकडे नाही, माझ्या डाव्या कानाच्या थोडं पलीकडे. सह्या ताडणारी माझी नजर तेव्हा कुठे थांबली.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्यातली नजर बहुतेक गेलेली, उजव्याची कडेकडेने जात आलेली. गेली ती परत येत नाही. उरली आहे ती थेंब नेमाने घातले तर टिकवता येईल. "किती दिवसांपासून त्रास होतोय?" डॉक्टरांनी विचारलं. आई म्हणाली, "त्रास काहीच नाही." हे खरंच होतं. पलंगावरून उतरलं की टाचेला पवना लागे, तिने न्हाणीघर. मागच्या खोलीत पाय उताराला लागला की पलंग जवळ आला. स्वयंपाकघराआधी कोब्याचा एक पोपडा निघालेला, तिथून उंबरा दोन पावलं. सगळ्या घराचा नकाशा तिच्या तळव्यांत होता, आणि आम्ही तो उखडून तिथे कंपनीचा सारखा माल बसवायला निघालो होतो.

"सांगितलं का नाहीस?" रिक्षात मी विचारलं.

"तुम्ही मला एका जागी बसवून ठेवलं असतंत."

यावर सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं, कारण आम्ही तेच केलं असतं.

फरशी तर बदलणं भाग होतं. काठ आणखी वर येणारच होता. मी कर्जासाठी अर्ज केला. इतकी वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढल्यावर बाहेरच्या बाजूने फॉर्म भरताना मला कळलं, की गिऱ्हाईक इतकं चिडतं का. मिस्त्रीने दिलेल्या अंदाजपत्रकात 'मुरूम २ ब्रास, राडारोडा वाहतूक २ ब्रास' असं होतं. आमचे मॅनेजर परराज्यातले. त्यांनी विचारलं, "फरशीच्या कामात पितळ कशाला?" मी सांगितलं, की आमच्याकडे ब्रास म्हणजे शंभर घनफूट. त्यांनी पुढची ओळ दाखवली: 'कोबा ३ ब्रास.' मी म्हणालो, "इथे मात्र शंभर चौरस फूट." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सही केली.

जानेवारीत काम निघालं. मिस्त्री मराठवाड्याचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. ब्रेकर सुरू झाला तेव्हा आई बाहेरच्या ओट्यावर उन्हात बसली होती आणि प्रत्येक ठोक्याला कोणता भाग गेला ते बरोबर सांगत होती. "आता पोपडा गेला... आता पवना."

मागच्या खोलीत मिस्त्री मध्येच थांबला. "साहेब, पुढच्या दोन खोल्यांत सोलिंग हाय. दगड एकदम झकास बसवलेत. इथं कायच न्हाई. नुसत्या मातीवर कोबा वतलाय."

फिटर माणूस असं करणार नाही. संध्याकाळी मी वडिलांची हिशेबाची लांब वही काढली. त्यांचं अक्षर छापल्यासारखं. 'सोलिंग, पुढील व मधली खोली', पुढे रक्कम. त्याखाली 'सोलिंग, मागील खोली', आणि रकमेच्या जागी 'पुढे पाहू.' त्याच्याच खालची ओळ: 'हॉस्पिटल व औषधे, रु. ७४०.' तारीख माझ्या धाकट्या बहिणीच्या जन्मानंतरच्या आठवड्यातली.

बहिणीला फोन केला. ती क्षणभर गप्प बसली, मग म्हणाली, "दादा, म्हणजे ती सगळी लिंबं माझ्यामुळे पलंगाखाली जात होती?"

"असं दिसतंय."

"मग तो घसारा माझ्या नावे टाक."

काळी माती दोन फूट उपसली. मुरूम थराथराने भरून, पाणी मारून धुमस केली. मग सोलिंग, त्यावर ओल चढू नये म्हणून प्लास्टिकचा कागद, मग जाळी घालून चार इंच काँक्रीट, आणि वर कोबा. हो, पुन्हा कोबाच, लाल. टाइलचा विषय सौ.नेच मिटवला. दुकानातल्या त्या टाइलमध्ये तिला आपला चेहरा पाहायचा होता हे खरं, पण दवाखान्यातून आल्यावर तिने ते नाव पुन्हा काढलं नाही.

वाद झाला तो खाचांवरून. चाकणकरांनी कागदावर सरळ, समान अंतराच्या रेघा काढून आणल्या. आई म्हणाली, "नदी कधी सरळ वाहते का?" चाकणकर म्हणाले, "आजी, खाच वाकडी काढली तर तडा तिचं ऐकत नाही, सरळ निघून जातो." सौ.चं म्हणणं, खाचेत कणीक अडकली तर काढणार कोण? मिस्त्री फक्त ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "आई, तुम्ही चाला. मी खडूनं आखतो."

खाली पक्क्या झालेल्या काँक्रीटवर आई चालली. पलंगाच्या जागेपासून न्हाणीघर, देव्हाऱ्यापासून उंबरा. रिकाम्या खोलीत, जिथे पायाला काही लागत नव्हतं तिथे, ती आठवणीने चालत होती. मागून मिस्त्री रांगत खडू ओढत होता, आणि त्याच्या मागून चाकणकर दोरी धरून ती रेघ सरळ करत होते. दर दोन पावलांवर आई आणि चाकणकर यांच्यात तह होत होता. खाच खोल घ्यायची, जाडीच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमी नको, हे चाकणकरांचं. वरून सीलंट भरून घ्यायचं, हे सौ.चं. पण पायाच्या अंगठ्याला खळगा लागला पाहिजे इतकं खाली भरायचं, हे आईचं. न्हाणीघरासमोर घोटाई न करता ओल्या कोब्यावर झाडूचे फटकारे मारून खरखरीत ठेवायचं, हे मिस्त्रीने आपणहून सुचवलं.

कोबा ओतला त्या दिवशी थंडी कडक होती. दुपारी दोनला ओतलेला माल संध्याकाळी सातलाही पाणी वर धरून बसला होता; थापी लावावी तर बुडायची. "थंडीत माल लवकर धरत न्हाई, आई," मिस्त्री म्हणाला. "पन उन्हाळ्यापरीस बरा. उन्हाळ्यात वरून आधी सुकतो अन् मग बारीक बारीक तडकतो." मी तंबू आणि हीटरच्या गोष्टी सांगितल्या. त्याने विडी विझवून विचारलं, "तिकडं मिस्त्री काय हातमोजे घालून थापी मारतो व्हय?" रात्री साडेदहाला, फळीवर गुडघे टेकून, त्याने शेवटची घोटाई केली. आईने तोपर्यंत त्याला चार वेळा चहा पाजला.

मग पाणी मारण्याचे दिवस. कडेने मातीचं आळं करून खोलीत पाणी साठवलं होतं. घरात तळं असल्यामुळे आम्ही पुढच्या खोलीत चौघं दाटीवाटीने झोपत होतो. सात दिवस किमान, मिस्त्री म्हणाला होता, दहा उत्तम. पुरतं बळ यायला अठ्ठावीस. वडिलांनी त्यांचा कोबा महिनाभर ओला ठेवला होता, असं आईने सांगितलं. पहिल्या पाळीला जाण्याआधी पहाटे चारला उठून ते बादलीने पाणी घालत. तिनेही पाण्याचं काम कुणाला दिलं नाही. पाणी किती उरलंय ते ती नळीच्या आवाजावरून ओळखायची.

अठ्ठाविसाव्या दिवशी सामान आत आलं. आईने चपला काढल्या. टोरंटोहून मावसभावाने तळव्याला रबरी ठिपके असलेले जाड मोजे पाठवले होते, घसरू नये आणि ऊबही राहावी म्हणून. डॉक्टरांच्या धाकाने ते ती घालते, पण पहिली फेरी तिने अनवाणीच मारली. पलंगापासून न्हाणीघर. परत. देव्हाऱ्यापासून निघाली, मधल्या खोलीत आली आणि थांबली.

"इंद्रायणी इथे जरा सरकलीय."

चाकणकरांनी टेप लावून खडूच्या जुन्या आराखड्याशी ताडून पाहिलं. दोन इंच.

"राहू दे," आई म्हणाली. "शिकेन."

त्या रात्री सौ. सरबत करत होती. तिच्या हातून लिंबू निसटलं आणि मागच्या खोलीत पडल्याचा आवाज आला. आम्ही तिघंही सवयीने धावलो आणि पलंगाखाली वाकलो. मी मोबाइलचा उजेड पार कोपऱ्यापर्यंत पाडला. काही नाही.

"इथंय," आई म्हणाली. ते तिच्या पायाशी, पडल्या जागीच थांबलं होतं.